बाळाला घरच्या घरी पॉटीची सवय लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या दोन्ही मुलांचं डायपर घरीच सुटलं. मोठीचं तीन आठवड्यांत, धाकट्याचं आठ महिन्यांत. त्या आठातले पाच महिने फक्त शीच्या भीतीत गेले. ओळखीतले आईबाबा मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. शीबद्दल सगळ्यात जास्त लिहिलंय, कारण सगळ्यात जास्त त्रास तिथेच होतो आणि त्याबद्दल मोकळेपणाने फारसं कुणी बोलत नाही.

कोणत्या वयात सुरुवात करावी?

बहुतेक मुलं दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान कधीतरी तयार होतात. मूत्राशय भरल्याचं जाणवणं, ते थोडा वेळ रोखून धरणं आणि योग्य जागी पोचल्यावर स्नायू सैल सोडणं, या तिन्ही गोष्टी मेंदू आणि मज्जातंतूंच्या वाढीवर अवलंबून असतात. आपण घाई केली म्हणून ती वाढ लवकर होत नाही.

टी. बेरी ब्रेझलटन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी १९६२ मध्ये ११७० मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. मुलाची तयारी बघून, त्याच्या कलाने सवय लावली, तर दिवसाचं नियंत्रण सरासरी सव्वादोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान येतं, असं त्यांना दिसलं. मुली बहुधा मुलांपेक्षा दोन-तीन महिने आधी शिकतात. फार लवकर सुरुवात केली तर बरेचदा शिकण्याचा काळ तेवढा लांबतो.

मूल तयार झालंय हे कसं ओळखायचं?

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी पडलेली खूण मुलांच्या बोलण्यातच होती. मूल आधी "झाली" म्हणतं. डायपर भरून गेल्यावर येऊन सांगतं. काही आठवड्यांनी "होतेय" म्हणायला लागतं, म्हणजे चालू असताना त्याला कळतं. आणि मग एक दिवस "येतेय" म्हणतं. "झाली" म्हणणारं मूल अजून शिकायच्या उंबरठ्यावर आहे. "होतेय" म्हणायला लागलं की सुरुवात करायला हरकत नाही. "येतेय"ची वाट बघत बसायची गरज नसते, ते सवय लावता लावता येतं. बोलता येत नसेल तर हेच सगळं मूल चेहऱ्याने, हाताने, एकदम थबकून सांगतं.

बाकी खुणा अशा: डायपर सलग दीड-दोन तास कोरडं राहतं किंवा दुपारच्या झोपेतून मूल कोरडं उठतं. शी साधारण ठरावीक वेळी होते. मूल चड्डी खाली ओढू शकतं. "बॉल उचल आणि मला दे" अशी दोन टप्प्यांची सूचना त्याला कळते. आपण बाथरूममध्ये काय करतो याची त्याला उत्सुकता असते. सगळ्या खुणा एकदम दिसतीलच असं नाही.

एक आकडा लक्षात ठेवा. दोन वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण ९० मिलिलिटर लघवी मावते, म्हणजे अर्ध्या कपाहूनही कमी. (वयात १ मिळवून ३० ने गुणायचं, असा ढोबळ हिशोब डॉक्टर वापरतात.) "आत्ताच तर केली होती!" असं आपल्याला वाटतं तेव्हा ते भांडंच केवढंसं आहे हे आठवलं, की राग निम्मा होतो.

आजी म्हणतात, "आमची मुलं वर्षाची असतानाच डायपरशिवाय होती." ते खरं का?

खरं असू शकतं. तान्ह्या बाळाला उठल्यावर, दूध प्यायल्यावर धरून "शूऽऽ" केलं की काही दिवसांनी त्या आवाजाशी आणि त्या स्थितीशी बाळाच्या शरीराची सांगड बसते. आजींना बाळाच्या वेळा अचूक ठाऊक असायच्या आणि त्या लक्ष ठेवून असायच्या. त्यांचं ते कसब मोठं होतं. पण तिथे वेळ सांभाळायचं काम मोठ्या माणसाकडे असतं. मुलाने स्वतः ओळखून, स्वतः थांबून, स्वतः जाणं ही पुढची पायरी, आणि ती तिच्या वयातच येते. दोन्हींत भांडण नाही. बाळाला धरायची सवय घरात असेल तर चालू ठेवा, पुढे उपयोगच होतो.

शेजारचं मूल दीड वर्षात शिकलं, आमचं तीन वर्षांचं होत आलं तरी नाही. मागे पडलंय का?

नाही. डायपर सुटण्याच्या वयाचा बुद्धीशी संबंध नाही.

सामान काय काय लागतं?

रुंद बुडाचं, न डगमगणारं पॉटीचं भांडं. किंवा मोठ्या टॉयलेटवर बसवायची छोटी सीट आणि सोबत पायाखाली घ्यायला स्टूल. यातलं स्टूल कुणी विसरू नये. गुदमार्गाभोवती एक स्नायू गोफणीसारखा अडकलेला असतो आणि त्या ओढीमुळे मार्गाला बाक येतो. गुडघे कंबरेपेक्षा थोडे वर असले की तो स्नायू सैल पडतो, मार्ग सरळ होतो आणि शी सहज उतरते. पाय लोंबकळत असले की मूल तोल सांभाळायला अंग आवळून धरतं, मग खाली सैल कसं सोडणार? स्वतः उंच खुर्चीवर पाय अधांतरी ठेवून बसून बघा, पोटाला जोर देताच येत नाही.

कपडे इलॅस्टिकचे. बटणं, नाडी, डंगरी काही महिने कपाटात. काही भांड्यांना पुढे लघवी उडू नये म्हणून उभा उंचवटा असतो. बसता-उठताना तो मुलग्यांना लागतो, आणि एकदा लागलं की मूल भांड्याकडे फिरकत नाही. निघत असेल तर काढून ठेवा. चड्ड्या भरपूर घ्या, आठ-दहा तरी.

नेमकी सुरुवात कशी करायची?

आठवडाभर आधी भांडं घरात आणा आणि मूल खेळतं तिथे ठेवा. कपड्यांसकट बसू दे, बाहुलीला बसवू दे. डायपरमधली शी मुलासमोर भांड्यात टाका आणि सांगा, "शी इथे जाते." मोठ्यांपैकी कुणाला चालत असेल तर मुलाला आपल्याबरोबर बाथरूममध्ये येऊ द्या. दोन वर्षांचं मूल बघून जितकं शिकतं तितकं सांगून शिकत नाही.

मग सलग तीन-चार दिवस असे निवडा की घरात पाहुणे नाहीत, प्रवास नाही, कुणी आजारी नाही. सकाळी उठल्यावर डायपर काढा आणि जागेपणी पुन्हा घालू नका. वर फक्त सैल चड्डी, किंवा तीही नको. गालिचे, गाद्या उचलून ठेवा. आता तुमचं काम एकच, मुलावर नजर ठेवणं. खेळता खेळता थांबणं, मांड्या आवळणं, चड्डीला हात लावणं, कोपऱ्यात जाणं यातलं काही दिसलं की शांत आवाजात "शू येतेय ना, चल भांड्यावर" म्हणून न्यायचं. "थांब थांब थांब!" असं ओरडून उचललं तर मूल दचकतं आणि स्नायू आवळून घेतं. अर्धी शू जमिनीवर आणि अर्धी भांड्यात झाली, तर तो चांगला दिवस समजा.

माझ्या मुलीचा पहिला दिवस मला अजून दिसतो. ती स्वयंपाकघराच्या मधोमध उभी होती आणि पायावरून ओघळणाऱ्या धारेकडे डोळे मोठे करून बघत होती. "पाणी," म्हणाली. मग वाकून, ते कुठून येतंय हे शोधायला लागली. दोन वर्षांत तिने स्वतःची शू कधी पाहिलीच नव्हती, डायपर सगळं शोषून घेत होतं. ओलं झालेलं कळल्याशिवाय ओलं होणार आहे हे कसं कळणार? पहिल्या दिवसांतलं ते सांडणं हाच खरा धडा असतो, म्हणून त्याला अपघात म्हणायलाही मला आवडत नाही.

तीन दिवसांत सगळं आटोपेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. तीन दिवसांत मुलाला कल्पना कळते. ती अंगवळणी पडायला कित्येक आठवडे, कधी काही महिने लागतात.

दर अर्ध्या तासाला विचारतो, तरी "नाही" म्हणतं आणि लगेच चड्डीत करतं. काय चुकतंय?

विचारणं चुकतंय. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला "शू आलीये का?" विचारलं की उत्तर "नाही" हेच असतं. त्या वयात "नाही" म्हणण्याचं बळ नवं असतं आणि हातातला खेळ सोडवत नाही. विचारू नका, दिवसाच्या क्रमातच बसवा. उठल्यावर, जेवणानंतर, आंघोळीआधी, बाहेर पडताना, झोपायच्या आधी. "आंघोळीच्या आधी शू करून येऊया" एवढं साधं वाक्य. निवड द्यायची तर जागेची द्या: "भांड्यावर बसतोस की मोठ्या टॉयलेटवर?"

जेवणानंतरची वेळ सोन्यासारखी. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हालचाल करू लागतं, त्यामुळे जेवल्यावर १५ ते ३० मिनिटांनी शी व्हायची शक्यता सगळ्यात जास्त असते. बसवायचं तीन ते पाच मिनिटं. नाही झाली तर उठू द्या.

भांड्यावर पाच मिनिटं बसतो, काही होत नाही. उठल्याबरोबर जमिनीवर! मुद्दाम करतो का?

मुद्दाम नाही. रोखून धरणं आणि सोडणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, आणि सोडणं जास्त अवघड. नव्या जागी बसल्यावर अंग आवळलेलं राहतं. उठून खेळात लक्ष गेलं की सैल पडतं आणि धार लागते. साबणाचे फुगे फुंकायला द्या. फुंकताना पोटाखालचे, शू रोखून धरणारे स्नायू आपसूक सैल होतात. नळाची बारीक धार सोडणंही काहींना लागू पडतं. मोबाइल मात्र हातात देऊ नका, असं माझं ठाम मत आहे. आतून काय जाणवतंय तिकडे मुलाचं लक्ष जायला हवं, आणि स्क्रीन नेमकं तेच काढून घेते.

शू भांड्यात जमते. शी आली की मात्र डायपर मागतो, नाहीतर रोखून धरतो. काय करायचं?

हा प्रश्न आला की मी आधी उलट विचारते, शी कडक होते का? कारण बहुतेक वेळा मूळ तिथे असतं. एकदा कधीतरी कडक शी होते आणि दुखतं. मूल ठरवतं की पुन्हा करायची नाही. शी आतच राहते, आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं, ती आणखी कडक आणि मोठी होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं. हे चक्र एकदा सुरू झालं की भांडं, बक्षीस, गोष्टी कशाचाच उपयोग होत नाही.

माझा मुलगा पडद्यामागे जायचा. चवड्यांवर उभा, पाय ताठ, कुल्ले आवळलेले, चेहरा लाल, कपाळावर घाम. मला वाटायचं बिचारा जोर लावतोय, आणि मी बाहेरून "हां, कर कर" म्हणायचे. तो जोर लावत नव्हता, सगळी शक्ती लावून शी आत ढकलत होता. हे मला आमच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. शी करणारं मूल बसतं, वाकतं, गुडघे दुमडतं. रोखणारं मूल ताठ होतं, पाय जुळवतं, चवड्यांवर चढतं, सोफ्याचा कोपरा घट्ट धरून उभं राहतं. हा फरक घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवा.

फार दिवस रोखलं की आतडं ताणलं जातं आणि भरल्याची जाणीवच बोथट होते. मग अडकलेल्या गोळ्याच्या कडेने पातळ शी झिरपून चड्डीला लागते. घरच्यांना वाटतं जुलाब झालेत, किंवा मूल आळशीपणा करतंय. मुलाला ती झिरपलेली कळतही नाही. त्यावरून त्याला रागावणं हा त्याच्यावर फार मोठा अन्याय आहे.

उपाय उलट्या टोकाने सुरू होतो. आधी शी मऊ व्हायला हवी आणि सलग कित्येक आठवडे मऊच राहायला हवी. पाणी, फळं, भाज्या वाढवा. दूध दिवसाला साधारण अर्ध्या लिटरच्या आत ठेवा, कारण दुधाने पोट भरलं की बाकीचं खाणं कमी होतं. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांना भेटा. लॅक्ट्युलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलसारखी शी मऊ ठेवणारी औषधं ते वजनानुसार देतात. ती पुष्कळदा काही महिने चालू ठेवावी लागतात. चार दिवस शी बरी झाली की आपण औषध थांबवतो आणि चक्र पुन्हा सुरू होतं. मीही एकदा असंच थांबवलं होतं आणि दीड महिना मागे गेलो.

दुसरी गोष्ट, डायपर मागितलं तर द्या. मला हे कबूल करायला जड गेलं होतं, हरल्यासारखं वाटलं होतं. पण आत अडकलेल्या शीपेक्षा डायपरमधली शी शंभर पटीने बरी. मग हळूहळू पुढे सरका: डायपर घालून, पण बाथरूममध्ये. काही दिवसांनी डायपर घालून भांड्यावर बसून. मग डायपर सैल करून. मग नुसतं भांड्यात अंथरून. एकेक पायरी चार-पाच दिवस, कधी दोन आठवडे. मागे यावं लागलं तर यायचं. आमचा शेवटचा डायपर भांड्यात कागदासारखा पसरलेला होता, आणि एका सकाळी त्यानेच तो उचलून बाजूला ठेवला.

चड्डी ओली झाली की काय म्हणायचं?

"चड्डी ओली झाली. शू भांड्यात करायची. चल, बदलूया." एवढंच, आणि ज्या आवाजात आपण "दूध सांडलं" म्हणतो त्याच आवाजात. ओली चड्डी बादलीत टाकायला मूल मदत करू शकतं, पण शिक्षा म्हणून नाही.

एका संध्याकाळी मी मुलीवर ओरडले होते. दिवसातली चौथी चड्डी होती, मी दमले होते. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. दोन दिवसांनी पलंगाखाली झाडताना मला तीन ओल्या चड्ड्यांचं गाठोडं सापडलं. ती शू करायची थांबली नव्हती, सांगायची थांबली होती. "झाली", "होतेय", "येतेय" या सगळ्या वाटचालीचा पाया मूल आपल्याला येऊन सांगतं हाच आहे. तोच मी एका ओरडण्याने हलवला. नंतर मी तिला जवळ घेऊन "मी ओरडायला नको होतं" म्हणाले, तरी तिला पुन्हा येऊन सांगायला आठवडा लागला.

आणि एक बारीकशी गोष्ट. मराठीत "शी" हा मुलांचा त्या गोष्टीसाठीचा शब्दही आहे आणि किळस आल्यावर तोंडातून निघणारा उद्गारही. भांडं रिकामं करताना नाक मुरडून "शीऽऽ, घाण!" म्हटलेलं मूल ऐकतं, आणि जे त्याच्या अंगातून आलं तेच घाण असा अर्थ लावतं. शब्द तोच वापरा, पण सूर सांभाळा.

बक्षीस द्यावं का?

छोटं, लगेच, आणि बसल्याबद्दल किंवा येऊन सांगितल्याबद्दल. एखादा स्टिकर पुरतो. शी रोखणाऱ्या मुलाला शीबद्दल बक्षीस लावू नका, त्याच्यावरचं दडपण वाढतं. दिलेलं बक्षीस परत घेणं तर कधीच नको.

मुलग्याला उभं राहून शिकवावं की बसून?

आधी बसून. शू आणि शी बऱ्याचदा पाठोपाठ येतात, बसलेलं असलं की दोन्ही होतं. उभं राहणं नंतर घरातल्या मोठ्यांना बघून आपोआप येतं.

मुलींच्या बाबतीत वेगळं काही?

धुताना आणि पुसताना हात पुढून मागे न्यायचा. मागून पुढे नेला तर शीतले जंतू मूत्रमार्गाशी पोचतात आणि मुलींचा मूत्रमार्ग आखूड असल्याने संसर्ग पटकन होतो. पहिल्या दिवसापासून असंच करा, पुढे ती स्वतः करायला लागेल तेव्हा हात त्याच दिशेने जाईल.

फ्लशला घाबरतो.

मूल उठून बाहेर गेल्यावर फ्लश करा. काही दिवसांनी दाराशी उभं राहून बघू दे, मग बटण त्याच्या हातात द्या. आवाज स्वतःच्या हाताने आला की भीती कमी होते. बाहेरच्या टॉयलेटमध्ये आपोआप फ्लश होत असेल तर मूल बसलेलं असताना सेन्सरवर हात किंवा कागद धरा.

बाहेर जाताना डायपर घालावं का?

लांबच्या प्रवासाला सुरुवातीला घातलं तर काही बिघडत नाही, फक्त "ही प्रवासाची चड्डी" असं सांगा. जवळपास जायचं असेल तर निघताना शू, पोचल्यावर शू, आणि पिशवीत दोन चड्ड्या, एक पँट, ओल्या कपड्यांसाठी एक प्लास्टिकची पिशवी. घरी दिवसभर कधी डायपर कधी चड्डी असं मात्र करू नका, मुलाला काय अपेक्षित आहे ते कळेनासं होतं.

मूल दिवसभर पाळणाघरात असतं. मग?

तिथल्या ताईंशी आधी बोलून घ्या आणि दोन्हीकडे शब्द एकच ठेवा. घरी "शू" आणि तिकडे "सुसू" असं असेल तर मूल मागतं आणि समोरच्याला कळत नाही. बसवायच्या वेळाही शक्यतो सारख्या असू द्या. सुरुवात सुट्टीत घरी करा. पाळणाघरात जमतं आणि घरी जमत नाही, किंवा उलट, हे अगदी नेहमीचं आहे.

जुळी असतील तर?

एक आधी शिकेल, एक नंतर. दोघांसमोर तुलना करू नका.

मुलाला ऑटिझम आहे किंवा विकास सावकाश होतोय. पद्धत वेगळी लागते का?

पायऱ्या त्याच, फक्त आणखी बारीक केलेल्या, आणि वेळ जास्त. चड्डी खाली, बसणं, शू, धुणं, चड्डी वर, हात धुणं अशी चित्रं बाथरूमच्या भिंतीवर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावली की खूप मदत होते. थंड सीट, झगझगीत दिवा, फ्लशचा आवाज यातलं नेमकं काय खुपतंय ते शोधा. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं जमायला मुलांना मदत करणारे तज्ज्ञ, यात चांगलं मार्गदर्शन करतात.

दोन महिने सगळं नीट होतं, आता पुन्हा चड्डीत करतो.

घरात काय बदललं ते आठवा. नवं भावंड, नवं घर, शाळा, आजारपण, घरातला ताण. मूल काही विसरलेलं नसतं, त्याचं लक्ष दुसरीकडे खर्च होत असतं. दोन-तीन आठवडे पुन्हा आठवण करून देत जा, न रागावता. काहीच बदललं नसेल तर दोन गोष्टी तपासा, बद्धकोष्ठता आणि लघवीचा संसर्ग. भरलेलं आतडं शेजारच्या मूत्राशयावर दाबतं, म्हणून शी साचली की चड्डीत शू व्हायला लागते. हा संबंध बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

मूल भांड्याजवळ जायलाच तयार नाही, रडतं. रेटावं का?

नाही. पूर्ण थांबा. डायपर परत घाला, एक-दोन महिने विषयच काढू नका आणि मग नव्याने सुरू करा. जबरदस्तीने धरून बसवू नका. झगड्यात मूल जिंकलं तर शी रोखून जिंकेल, आणि त्याची किंमत त्याचं शरीर मोजेल.

रात्रीचं कधी थांबतं?

रात्रीचं गणित वेगळं आहे आणि ते शिकवून येत नाही. झोपेत लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदू एक संप्रेरक सोडतो. ते रात्री पुरेसं सुटायला लागणं, मूत्राशय मोठं होणं आणि भरल्यावर जाग येणं हे सगळं वयाने होतं. पाच वर्षांपर्यंत रात्री अंथरूण ओलं होणं आजार मानलाच जात नाही. पाचव्या वर्षी १०० पैकी सुमारे १५ मुलं अंथरूण ओलं करतात, आणि त्यातली साधारण १५ टक्के दर वर्षी आपोआप थांबतात. हे घराण्यात चालतं. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला असण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, दोघांना असेल तर ७७ टक्के.

म्हणून रात्रीचं डायपर निवांतपणे चालू ठेवा. सलग दोन आठवडे सकाळी कोरडं मिळालं की काढा. गादीवर पाणी न झिरपणारी चादर घाला आणि झोपताना शू करायला लावा. दिवसाचं पाणी कमी करू नका, त्याने बद्धकोष्ठता वाढते. सहा-सात वर्षांनंतरही चालू असेल आणि मुलाला त्याचं वाईट वाटत असेल तर डॉक्टरांकडे त्यावर उपचार आहेत.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

शू करताना दुखत असेल, ताप असेल, लघवीत किंवा शीत रक्त दिसलं, पोट फुगलं असेल तर थांबू नका. चड्डी सतत थेंब थेंब ओली राहते, धार क्षीण आहे, किंवा चालण्यात बदल झालाय, तरीही दाखवा. बद्धकोष्ठता दोन आठवड्यांहून जास्त टिकली, किंवा चार वर्षं पूर्ण होऊनही दिवसा नियंत्रण आलं नाही, तर सावकाशीने पण नक्की भेटा. आणि चांगलं कोरडं राहणारं मूल अचानक वारंवार शू करायला लागलं, खूप पाणी मागायला लागलं, वजन घटलं, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या. लहान मुलांतला मधुमेह असाच सुरू होतो.

स्वच्छतेचं काय?

भांडं टॉयलेटमध्ये रिकामं करून साबणाने धुवून वाळवा. प्रत्येक वेळी मुलाचे आणि आपले हात साबणाने २० सेकंद धुवा. बाथरूममध्ये पाण्याने भरलेली बादली ठेवू नका आणि टॉयलेटचं झाकण बंद ठेवा. मूल आता तिथे एकटं जायला शिकतंय, आणि या वयाची मुलं बादलीतल्या थोड्याशा पाण्यातही डोक्यावर पडली तर उठू शकत नाहीत.

भांड्यावरून मोठ्या टॉयलेटवर कधी न्यायचं?

मूल आपणहून मागेल तेव्हा. सीट आणि स्टूल दोन्ही ठेवा, पहिले काही दिवस हात धरा. दाराची कडी मुलाच्या हाताला येणार नाही इतकी वर हवी, आत अडकलं तर घाबरून पुन्हा जायचं नाही. भांडं लगेच कुणाला देऊन टाकू नका, आजारपणात उपयोगी येतं. शी झाल्यावर नीट धुणं मुलाला चार-पाच वर्षांपर्यंत एकट्याने जमत नाही. तोवर बाथरूममधून "झालीऽऽ" अशी हाक आली, की हातातलं काम ठेवून आपल्यालाच जायचं असतं.